बनावट सनदांच्या गावांतून: उत्तर जर्मनीतले पाच दिवस

दिवस पहिला : हॅम्बुर्ग

माझी सगळी नोकरी नगरपालिकेत गेली आणि त्यातली उमेदीची वर्षं जकात नाक्यावर. रात्री दोन वाजता ट्रक थांबवायचा, ताडपत्री वर करायची, बिल्टी वाचायची, पोती मोजायची, पावती फाडायची. पुढे जकात बंद झाली आणि आम्हाला करवसुलीत टाकलं, पण माणूस नाक्यावरचा तो नाक्यावरचाच राहतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं मी त्याच नजरेनं पाहिलंय. कुणाला किल्ले-चर्चची रसभरीत वर्णनं हवी असतील तर त्यांची निराशा होईल.

भाची हॅम्बुर्गला शिकते. "मामा, मे महिन्यात ये, बंदराचा वाढदिवस असतो," असं तिनं सांगितलं होतं. बंदराचा कसला वाढदिवस, असं मनात आलं, पण धक्क्यावर पोचलो तर जत्रा लागलेली. एल्बे नदीत शिडाची जहाजं, आगीचे बंब असलेल्या बोटी, भोंगे, सॉसेजचा धूर आणि पाय ठेवायला जागा नाही इतकी माणसं.

वाढदिवस धरतात 7 मे 1189 हा. त्या दिवशी पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं म्हणे हॅम्बुर्गकरांना सनद दिली की समुद्रापासून गावापर्यंत एल्बेवर तुमच्या मालाला जकात माफ. सम्राट त्याच दिवसांत क्रूसेडवर निघाला होता, म्हणजे घाईतच होता.

"आणि गंमत सांगू?" भाची म्हणाली. "ती सनद खोटी आहे. 1265 च्या आसपास गावातल्याच लोकांनी बनवलीय."

मी कागदी द्रोणातले बटाटे खात होतो ते थांबलो. नाक्यावर खोट्या बिल्ट्या मी ढिगानं पाहिल्या. त्यातली एकही अशी नव्हती की तिच्या नावानं आठशे वर्षांनी आतषबाजी व्हावी.

त्या रात्री झोप उशिरा लागली. थोडा विमानाचा शीण, थोडी ही सनद. आपल्याकडे वतनाच्या भांडणात खोटे महजर पुढे करणारे कमी नव्हते. पण ते घराघरातलं भांडण. इथे अख्ख्या गावानं मिळून कागद रंगवला आणि तो पचवला. पुढच्या चार दिवसांचा बेत आधीच ठरलेला होता, आता त्यात शोधायला काहीतरी मिळालं.

दिवस दुसरा : ल्यूबेक

हॅम्बुर्गहून पाऊण तास. स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की समोर होल्स्टनटोर, गावाची वेस. टोकदार टोप्या घातलेले विटांचे दोन जाडे बुरूज, आणि दोघेही एकमेकांकडे कललेले. जमीन दलदलीची, बांधतानाच बुरूज खचायला लागले. 1464 ते 1478 एवढी वर्षं बांधकाम चाललं. बाहेरच्या अंगाला भिंत साडेतीन मीटर जाड आणि गावाच्या अंगाला मीटरभरसुद्धा नाही. शत्रू कुठून येणार याची एवढी खात्री मला तरी कधी वाटली नसती. दारावर सोनेरी लॅटिन अक्षरं आहेत, भाचीनं अर्थ सांगितला : घरात एकोपा, बाहेर शांतता.

वेशीच्या शेजारीच नदीकाठाला मिठाची गोदामं ओळीनं उभी आहेत. त्यांच्याकडे उद्या वळायचंय.

ल्यूबेकचं मोठेपण असं की 1226 मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं या गावाला थेट साम्राज्याखाली घेतलं. मधला कुणी ड्यूक नाही, काउंट नाही, बिशप नाही. कर द्यायचा तो सम्राटाला, आणि सम्राट असायचा बहुतेक वेळ इटलीत, म्हणजे प्रत्यक्षात आपलं आपण. सनदेत काय काय लिहिलंय ते मी भाचीकडून कलमवार वाचून घेतलं. ओल्डेस्लो या गावाच्या नाक्यावर ल्यूबेककरांकडून जकात घ्यायची नाही. ट्राव्ह नदीच्या काठी कुणी गढी बांधायची नाही. इंग्लंडला जाणाऱ्या ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांवर कोलोनवाल्यांनी जी जादा पट्टी बसवली होती ती रद्द. स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणतात ते जवळून पाहिलं तर असं दिसतं : अमुक नाका माफ, तमुक ठिकाणी गढी नको. मला ते फार पटलं. मोठे शब्द कुणीही लिहील, नाक्याचं नाव लिहायला माहीतगार माणूस लागतो.

ही सनद खरी आहे. पण ती मिळवण्याच्या सुमारास, साधारण 1225 मध्ये, ल्यूबेककरांनीही एक जुना कागद 'दुरुस्त' केलेला होता. बार्बारोसानं 1188 मध्ये दिलेली सनद म्हणून जी आज आहे, ती त्या वेळी सोयीची कलमं घालून नव्यानं लिहिलेली. म्हणजे हॅम्बुर्ग एकटं नव्हतं. आणि बिचाऱ्या बार्बारोसाच्या नावावर काय काय खपवलंय! मेलेल्या साहेबाची सही सगळ्यात सोपी, हे कुठल्याही कचेरीत कळतं.

दुपारी नगरभवन. काळ्या झिलईच्या विटा, आणि वरच्या भिंतीला वारा आरपार जावा म्हणून मोठी गोल भोकं. आत सभेच्या दालनाला दोन दारं, एक उंच, एक ठेंगणं. गाईड सांगतो की इथे न्यायनिवाडा चाले तेव्हा निर्दोष सुटलेला उंच दारानं ताठ मानेनं जाई आणि दोषी ठरलेला ठेंगण्या दारातून मान खाली घालून. मी मुद्दाम ठेंगण्या दाराजवळ उभा राहून पाहिलं. माझ्या उंचीच्या माणसाला ठेंगणं दारसुद्धा पुरतं.

या निवाड्यांचा दरारा लांबवर होता. ल्यूबेकचा कायदा बाल्टिकच्या काठावरच्या शंभरेक गावांनी घेतला. एस्टोनियातल्या टालिनला तो 1248 मध्ये मिळाला. तिथल्या पंचांचा निकाल पटला नाही तर अपील ल्यूबेकच्या या कौन्सिलकडे. समुद्र ओलांडून, कागद घेऊन. मात्र या कौन्सिलमध्ये कारागिराला जागा नव्हती. कायद्यातच तसं होतं. व्यापारी व्यापाऱ्यांना निवडत. 1384 मध्ये खाटकांनी बंडाचा कट केला, तो फुटला आणि मोडून काढला गेला.

पोस्टकार्डाच्या दुकानात एक वाक्य जागोजागी दिसलं. त्याचा अर्थ : शहराची हवा माणसाला मोकळं करते. हे शब्द तसे 19व्या शतकातल्या पंडितांनी जुळवलेले, रिवाज मात्र जुना. जमीनदाराच्या बांधिलकीतला वेठबिगार पळून शहरात आला आणि वर्ष न् एक दिवस मालक त्याला मागायला आला नाही, तर तो सुटला. भाचीला हे फार आवडलं, कार्ड घेतलं तिनं. मी म्हटलं, "सुटला म्हणजे नागरिक झाला का?" झाला नव्हता. नागरिक व्हायला फी भरायची, शपथ घ्यायची, पहाऱ्याला उभं राहायचं. मोलकरणी, हमाल, गडी ही नुसती राहणारी माणसं. हवा सगळ्यांना एकच, पण नाव वहीत नाही.

"मग माझंच की," ती म्हणाली. विद्यार्थी व्हिसा.

संध्याकाळी हान्सा संग्रहालय. तिकिटावर आपली भाषा निवडायची सोय आहे, मराठी अर्थातच नव्हती. हान्सा म्हणजे या व्यापारी गावांची युती. जवळपास दोनशे गावं, लंडन, ब्रुज, बर्गेन आणि नोव्हगोरोद इथे वखारी, डेन्मार्कच्या राजाला नमवून 1370 चा श्ट्रालसुंडचा तह. आणि एवढं असून या युतीला स्वतःचं सैन्य नाही, खजिना नाही, शिक्का नाही, सभासदांची पक्की यादीसुद्धा नाही! गावांचे प्रतिनिधी सभेला जमत, तेही सगळे कधीच नाही. ठराव घेऊन आपापल्या गावी जात, गावाला पटला तर पाळत.

मला वाटलं हा गबाळेपणा. पण 1469 चा किस्सा वाचला आणि मत बदललं. डेन्मार्कनं इंग्लंडची जहाजं पकडली. इंग्रज म्हणाले, यात हान्साचा हात आहे, आणि लंडनमधल्या सगळ्याच हान्सावाल्यांचा माल जप्त केला. तेव्हा हान्सानं लेखी उत्तर दिलं की आम्ही कंपनी नाही, मंडळ नाही, संस्थाही नाही. आम्ही आपापली गावं आहोत. मग एकाच्या करणीची भरपाई दुसऱ्याकडून कशी मागता? हे उत्तर ज्यानं लिहिलं त्या कारकुनाला माझा नमस्कार. सवलत घेताना सगळे एक आणि दंड भरताना कोण कुणाचा! कोलोननं त्या भांडणात इंग्रजांशी वेगळं जमवून घेतलं, तर 1471 मध्ये त्यालाच बाहेर काढलं.

परतताना मारियन चर्चमध्ये पाच मिनिटं डोकावलो. 1942 च्या बाँबफेकीत मनोऱ्यातून पडलेल्या घंटा तशाच फुटलेल्या, फरशीत रुतलेल्या ठेवल्या आहेत. तिथे आम्ही दोघंही काही बोललो नाही.

दिवस तिसरा : ल्युनेबुर्ग

ल्यूबेकहून लाउएनबुर्गवरून जाणारी छोटी गाडी पकडली. ही वाट म्हणजे जवळपास जुना मिठाचा रस्ताच. ल्युनेबुर्गला जमिनीखाली मिठाचा डोंगर, ल्यूबेकला समुद्र, आणि समुद्रापलीकडे स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावर हेरिंग माशांचे थवे. उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य, मासे चालतात, आणि मासे टिकवायला मीठ. म्हणून दोन गावांना जोडणारा कालवा खणला. लाकडी दारं लावून पाणी तुंबवायचं आणि त्यावर पडाव ढकलायचे. 1398 मध्ये पहिले पडाव मीठ घेऊन ल्यूबेकला लागले. कालची ती गोदामं नंतरची, पण याच मिठाची.

ल्युनेबुर्गच्या नगरभवनात काचेच्या दिव्यासारख्या पेटीत एक हाडूक टांगलंय. गोष्ट अशी की शिकाऱ्यानं चिखलात लोळलेली रानडुकरीण मारली, ती वाळल्यावर केसांवर पांढरे खडे दिसले, म्हणून मिठाचा झरा सापडला. तिचं ते हाड. भाचीनं नाक मुरडलं. मला मात्र बरं वाटलं, निदान या गावानं उपकार कुणाचे ते लपवलं नाही.

खारं पाणी शिशाच्या मोठ्या कढयांत उकळत. अशी 54 भट्टीघरं, प्रत्येकात चार कढया. मीठसंग्रहालयात तसली कढई पाहिली. अंगणात गूळ करायची काहील असते तिच्यापेक्षा उथळ आणि चौकोनी. धूर, वाफ आणि शिसं, बारा महिने चोवीस तास. भट्टी चालवायचा हक्क मोजक्या नागरिक घराण्यांकडे, खाऱ्या पाण्याचा बराच वाटा मठ-चर्चवाल्यांच्या मालकीचा. गावावर कर्ज चढलं तेव्हा कौन्सिलनं या महंतांकडे वाटा मागितला आणि त्यावरून 15व्या शतकात इतकी जुंपली की प्रकरण पोपपर्यंत गेलं. देवस्थानाकडून वसुली किती जड जाते हे मला कुणी शिकवायला नको.

या गावाला 1392 मध्ये आणखी एक हक्क मिळाला : जवळून जाणाऱ्या व्यापाऱ्यानं ल्युनेबुर्गला वळलंच पाहिजे, माल उतरवून गावकऱ्यांपुढे विक्रीला मांडलाच पाहिजे. आमच्याकडे गावातून नुसता पुढे जाणारा ट्रक पारगमन शुल्क भरून सुटायचा. तेवढ्यावरही ड्रायव्हर शिव्या घालायचे. इथे मालच उतरवायचा! आपल्या गावाची मोकळीक म्हणजे दुसऱ्याच्या गाडीची अडवणूक, हे त्या सनदांत कुठे लिहिलेलं नसतं, पण असतंच.

नगरभवनातलं जुनं न्यायदालन पाहण्यासारखं आहे. थंडीत पंचांचे पाय गारठू नयेत म्हणून त्यांच्या बाकांखालून गरम हवा सोडायची सोय, जमिनीत झाकणं बसवलेली. आरोपी उभा असायचा तिथे झाकण दिसलं नाही.

मला बघायचा होता तो शपथेचा स्फटिक. 1443 मध्ये हान्स फान लाफर्डे या सोनारानं घडवलेला, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीत बसवलेला. नवा नागरिक त्याच्यासमोर शपथ घ्यायचा. पण गावानं आपली जुनी चांदीची भांडी 1874 मध्ये प्रशियाच्या सरकारला विकली, त्यात हाही गेला. मूळ वस्तू बर्लिनच्या संग्रहालयात आहे. इथे दाखवतात त्या प्रतिकृती. ज्यावर हात ठेवून गावाशी इमान राखायची शपथ घ्यायची, तेच गावानं विकलं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. प्रतिकृतीही सुबक होती, खोटं कशाला बोलू.

दुपारनंतर कालकबेर्गवर चढलो. नाव टेकडीचं, उंची आता आमच्या गावाबाहेरच्या टेकाडाएवढी, कारण जिप्सम खणून खणून संपवलीय. पूर्वी वर ड्यूकचा किल्ला होता. 1371 च्या फेब्रुवारीत गावकऱ्यांनी तो काबीज करून पाडला. ऑक्टोबरात ड्यूकची माणसं रात्री तटावर चढून आत घुसली, तर गल्लीबोळांत लढून त्यांना हाकललं. त्यानंतर ड्यूक दूर गेला आणि गाव आपल्या मर्जीनं चालू लागलं. वरून पाहिलं तर जुन्या वस्तीतली काही घरं वाकडी दिसतात. खालचं मीठ उपसलं, वरची जमीन बसली. मिठागर 1980 मध्ये बंद झालं.

उतरताना माझा उजवा गुडघा बोलायला लागला. या दगडी फरसबंद गल्ल्या चित्रात छान दिसतात.

दिवस चौथा : माग्देबुर्ग ओलांडून क्वेडलिनबुर्ग

दिवस गाड्या बदलण्यात गेला. उएल्त्सेनचं स्टेशन रंगीबेरंगी वेड्यावाकड्या खांबांचं, कुणी कलाकारानं सजवलेलं. माग्देबुर्गला दोन गाड्यांच्या मध्ये जुन्या बाजारचौकात जाऊन आलो. या गावाचा कायदा पूर्वेकडे थेट क्राकोव, व्हिल्नियस, कीव्हपर्यंत पोचला. चौकात सोनेरी घोडेस्वार आहे, 13व्या शतकातला. म्हणजे मूळ 13व्या शतकातला संग्रहालयात, चौकात त्याची नक्कल. "मामा, मोजत राहा," भाची म्हणाली.

क्वेडलिनबुर्गमध्ये लाकडी चौकटीची दोन हजारांवर घरं आहेत, आणि वर खडकावर मठ. हा मठ बायकांचा, 936 पासूनचा. तिथली मुख्य साध्वी नुसती जपमाळ ओढणारी नव्हे, सत्ताधीश होती, गाव तिच्या हुकमतीत. 15व्या शतकात गाव हान्सात गेलं, पैसा आला, मान वर झाली. चौकात रोलँडचा पुतळा उभा राहिला.

रोलँड म्हणजे शार्लमेन बादशहाचा सरदार. हातात उघडी तलवार घेतलेला त्याचा दगडी पुतळा चौकात असणं म्हणजे इथे बाजार आमचा, न्याय आमचा, अशी जाहीर पाटी. 1477 मध्ये मठाची प्रमुख होती हेडविग. तिचे दोन भाऊ सॅक्सनीचे सत्ताधारी. त्यांनी फौज पाठवली, गाव पडलं. सगळ्या युत्या सोडायच्या, साध्वीची ताबेदारी पत्करायची. आणि रोलँड फोडून टाकायचा. हान्सातली मित्रगावं कुठे होती, असं मी विचारलं. पत्रं लिहीत असतील. आम्ही कंपनी नाही, मंडळ नाही, संस्था नाही.

"इतिहासात एक बाई राज्य करताना सापडली," भाची म्हणाली, "आणि तू तिच्या विरुद्ध पार्टीत."

"मी पार्टीत कुठे? मी नाक्यावर."

पुतळ्याचे तुकडे जपून होते. 1869 मध्ये ते जोडून रोलँड पुन्हा उभा केला. आज नगरभवनासमोर आहे. उंची पावणेतीन मीटर, चेहऱ्यावर भाव असा की झालं ते झालं. जोडलेल्या जागा शोधत मी बराच वेळ उभा होतो. शेजारच्या बाकावर एक आजोबा आइस्क्रीम खात होते. त्यांनाही वाटलं असेल, हा काय शोधतोय.

दिवस पाचवा : ब्रेमेन

हॅनोव्हरवरून दुपारपर्यंत ब्रेमेन. स्टेशनाबाहेर मोटारींच्या पाट्या पाहिल्या : एचबी. ब्रेमेनचा बी, आणि आधीचा एच हान्साचा. हॅम्बुर्गचं एचएच, ल्यूबेकचं एचएल. 1669 मध्ये शेवटची सभा झालेली युती अजून गाड्यांच्या नंबरांवर फिरतेय. ल्यूबेकची स्वतंत्र राज्याची मान्यता 1937 मध्ये गेली, पण एचएल राहिलं. ब्रेमेन मात्र आजही स्वतः एक राज्य आहे. हान्सातून हे गाव 1285 मध्ये बाहेर काढलेलं आणि 1427 मध्ये पुन्हा एकदा. तरी आज नावात हान्सा लावण्यात हेच पुढे.

इथला रोलँड मोठा. 1404 चा, साडेपाच मीटर, छत्रीसकट दहाच्या वर. आधीचा लाकडाचा होता, तो 1366 मध्ये आर्चबिशपच्या माणसांनी जाळला, म्हणून मग दगडाचा केला आणि तोंड थेट आर्चबिशपच्या कॅथेड्रलकडे. ढालीवर जुन्या बोलीत मजकूर आहे. भाचीनं त्याचा असा अर्थ लावला : हे स्वातंत्र्य मी तुम्हाला उघड दाखवतो, कार्लनं आणि कितीएक राजांनी ते या गावाला दिलंय, त्याबद्दल देवाचे आभार माना असा माझा सल्ला.

कार्ल म्हणजे शार्लमेन. त्यानं असलं काही दिलेलं नव्हतं. आणि 1111 मध्ये सम्राट पाचव्या हाइनरिशनं दिली म्हणून जी सनद ब्रेमेन दाखवत असे, ती 15व्या शतकाच्या सुरुवातीला रचलेली. योहान हेमेलिंग या महापौराचं नाव त्यात घेतलं जातं. पुतळा, नवं नगरभवन आणि कागद, सगळं एकाच हंगामातलं काम. खरी सनद मिळाली 1646 मध्ये, ऑस्ट्रियातल्या लिंझला, तेव्हा हा दगडी पुतळा अडीचशे वर्षांचा झाला होता. आधी वहिवाट, मागून कागद. आमच्याकडे अतिक्रमणवाले याच क्रमानं येत.

रोलँडच्या दोन टोकदार गुडघ्यांमधलं अंतर म्हणजे ब्रेमेनचा गज, साधारण 55 सेंटिमीटर, असं सांगतात. बाजारात कापड घेणाऱ्याला शंका आली तर माप इथे. सगळ्या प्रवासात मला मनापासून आवडलं ते हे. तलवार आर्चबिशपसाठी, ढाल सम्राटासाठी, आणि गुडघे गिऱ्हाइकासाठी. मी माझा हात पुढे धरून एक डोळा मिटून अंदाज घेतला. आपला हात कमी भरतो, कोपरापासून बोटांपर्यंत दीड फूट. भाचीनं फोटो काढून पडद्यावर उंची आणि गुडघे यांचं प्रमाण काढायचा खटाटोप केला, पण मधे एका सहलीतल्या मुलाचं डोकं आलं होतं.

मग तिनं फोनवर वाचून दाखवलं : रोलँडचं मूळ डोकं संग्रहालयात आहे. पुतळ्यावर आहे ती नक्कल.

"घ्या. मग आपण फोटो कुणाचा काढला?"

"गुडघ्यांचा," मी म्हटलं आणि माझा उजवा गुडघा चोळत फुलवालीच्या ओट्यावर बसलो. हॅम्बुर्गच्या गाडीला अजून तास होता.